जिभेच्या मुळाचं हाड

हाड हातात पडलं आणि श्रुतीच्या तोंडून शब्द निघून गेला. प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं होतं, "ह्याला काय म्हणाल?" टेबलाभोवतीची बाकीची आठ पोरं वहीत तोंड घालून बसली होती. ही मात्र नेहमीसारखी, म्हणजे ह्या वर्षापासूनच्या नेहमीसारखी, हात वर करायच्या आधीच बोलून मोकळी झाली. "सुटणी!" तेही केवढ्यानं, तर कपाटातला कबुतराचा सापळासुद्धा दचकला असेल. बैलाच्या मागच्या पायाचं हाड होतं ते, मुठीत मावणारं, दोन्ही अंगांनी गुळगुळीत आणि मधे खाच पडलेलं. छापील कागदावर त्याच्यासमोर लांबलचक संस्कृत नाव होतं, ते कुणालाच येत नव्हतं, तिलाही नाही. तिला येत होतं ते हे, आणि हे येतंय हेसुद्धा तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "परत म्हण." "सुटणी, मॅडम. हितनं पाय सुटतो म्हणून सुटणी. असंच म्हणतात की." "कोण म्हणतात?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? करंगळीला करंगळी कोण म्हणतात, असं कुणी विचारतं का? ती हसली, बाकीचेही हसले, आणि त्या हसण्यातच शेजारच्या विजयसिंहानं, अगदी प्रश्नमंजूषेत उत्तर सापडल्यागत, चुटकी वाजवली. "थांब की! आमचा आज्जा सांगत होता हा शब्द. गावात पूर्वी मेलेली ढोरं ओढून न्यायचे न्हवं, मॅडम? त्या लोकांचा शब्द हाय ह्यो." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तेच वाईट होतं. त्यानं ते हाड श्रुतीच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत तिच्याच हातात ठेवलं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या विज्ञान मंडळातल्या नऊ जणांना कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत बोलावलं होतं. मागच्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं, खोक्यांवरच्या चिठ्ठ्या विरघळून गेल्या, आणि मासा, बेडूक, घोरपड, ससा, बैल असे सगळ्यांचे सांगाडे एकमेकांत कालवले गेले. ते निवडायचे, धुवायचे, फोटो काढायचे आणि प्रत्येकाला नंबर बांधायचा. नंबर मॅडमच्या मनचे नव्हते. जगातल्या कुठकुठल्या विद्यापीठांतली माणसं मिळून कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या हाडांची एकच यादी करत होती, त्यातले. कारण बघा, मासेवाले एका हाडाला कपाळाचं हाड म्हणतात, माणसंवालेही एकाला कपाळाचं हाड म्हणतात, आणि नीट तपासलं तर ती दोन हाडं एकमेकांची कुणीच लागत नाहीत. नाव एक, हाडं दोन. कुठं हाड एक, नावं सतरा. म्हणून यादीत आधी नंबर, मग नावं. प्रत्येक नंबराला दोन प्रश्न विचारायचे: तू कशाचा प्रकार आहेस, आणि तू कशाचा भाग आहेस? उत्तर दिल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत. नंबरांखाली जगभरच्या भाषांचे रकाने होते आणि मराठीचा रकाना मॅडमकडं होता. तो बहुतेक रिकामाच होता. जिथं भरला होता तिथं कुणीही कधीही न बोललेले शब्द होते. श्रुतीला हे सगळं इतकं आवडलं होतं की पहिल्या दिवशी घरी जाताना केएमटीच्या बसमध्ये तिनं पुढच्या बाईच्या मानेचे मणके मोजले होते. ही तीच पोरगी, जी मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही भिंतीकडं बघायची. जुलैत वक्तृत्वात पहिली आली आणि आतलं बूच निघाल्यासारखं झालं. तेव्हापासून तिचा आवाज तिच्या आधी खोलीत जायचा. म्हणून त्या दिवशीही, हातातलं हाड एकाएकी गार लागायला लागलं होतं तरी, ती म्हणाली, "माझ्या आज्जाचा शब्द आहे, मॅडम. त्याला आणखी लई येतात. मी आणतो की!" आणि मॅडमच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते बघून तिचं तिलाच भारी वाटलं. मॅडम म्हणाल्या, "हे कुठल्याही कोशात नाही, श्रुती. शुक्रवारी संध्याकाळी आपला मराठी रकाना बंद होतो. जेवढे मिळतील तेवढे आण."

घरी येईपर्यंत मात्र तिला ते ताट आठवायला लागलं. रविवारचं मटणाचं ताट. आज्जाचं, म्हणजे बाळासोंचं. कापडगिरणीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेला, पांढराशुभ्र सदरा घालणारा, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना रोज सकाळी स्वतःच्या हातानं हार बदलणारा हा माणूस जेवण झालं की हाडं ताटाच्या काठावर मांडायचा. टाकायचा नाही, मांडायचा. आधी फासळ्या, मोठी ते लहान, मग नळी, मग मणके ओळीनं. पाच वर्षांची श्रुती मांडीवर बसून ऐकायची, "ह्यो फरा. ह्यो करवतीचा मणका, ह्याला दात असतोय बघ. हे लिंबू, खुब्यात बसतंय. आणि ही बारकी, ही सुटणी." मग तिच्या पाठीवर बोटं फिरवायची. "हितं तुझा फरा. हितं तुझी करवत." ती खिदळायची. पप्पांना ते मांडणं अजिबात खपायचं नाही. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत यंत्राच्या सुट्या भागांची मापं तपासतात, चुकलेला भाग लाल ट्रेमध्ये टाकतात, आणि घरातही त्यांची नजर तशीच. आज्जाच्या ताटाकडं न बघता ते म्हणायचे, "आबा, आवरा ते." एवढंच. आज्जा मग सगळी हाडं एका झटक्यात गोळा करून मूठ मिटायचा. तिला वाटायचं, पप्पांना घाण वाटते. किती वर्षं वाटत होतं. आता केएमटीच्या खिडकीशी तिला त्या मिटलेल्या मुठीच्या शिरा दिसत होत्या, आणि पप्पांचं न बघणं, आणि त्या दोघांच्या मधे पडलेलं काहीतरी, जे तिनं पंधरा वर्षं ओलांडून ये-जा केली होती आणि एकदाही पायाला लागलं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकात तिनं ते सगळं वाचलं होतं, धम्मदीक्षा, मेलेलं जनावर ओढायचं सोडलं ते, त्यावर भाषणात टाळ्याही घेतल्या होत्या. पण पुस्तकातली माणसं पुस्तकातली असतात. ती मटणाची हाडं ताटात मांडत नाहीत.

आज्जा खाटेवर होता. दसऱ्याच्या आधी न्हाणीत पाय घसरला, खुब्यात मोडला, आणि डॉक्टर म्हणाले, ह्या वयात, ह्या हृदयाला भूल झेपणार नाही. एक्स-रे खिडकीच्या गजाला लावलेला होता, कारण आज्जाला तो बघायचा असायचा. उजेड मागून आला की त्यात मांडीचं हाड दिसायचं, त्याच्या टोकाचा गोळा आणि गोळ्याखालची आडवी काळी चीर. डॉक्टर तिला हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर म्हणाले होते. आज्जा म्हणाला होता, "लिंबू देठातनं तुटलंय. आता झाडाला लागायचं न्हाय." आई रडली होती. श्रुतीला मात्र तेव्हा त्या उपमेचंच कौतुक वाटलं होतं. आता खाटेशी बसून तिनं सरळच विचारलं, तिला आता आडवळणानं विचारता येतच नव्हतं, "आज्जा, तू ढोरं ओढत होतास?" तो एक्स-रेकडं बघत राहिला. बाहेर बोळात कुणीतरी उरलेले फटाके लावत होतं. "कुणी सांगितलं?" "एका पोरानं. मी सुटणी म्हटलं तर." "मग म्हणू नगंस." "पण शब्द भारी आहेत, आज्जा! जगात कुणाकडं न्हाईत. मॅडमना पाहिजेत, यादीत घालायला. तुझं नाव लागंल तिथं!" त्यानं मान वळवली आणि तिच्याकडं असं बघितलं की जणू तीच कुठल्या तरी गावाहून आलेली पाव्हणी आहे. "ते सोडलं आम्ही," तो म्हणाला. "काम सोडलं तवा शब्द बी सोडलं. तुझ्यासंगं खेळताना तोंडातनं गेलं असतील, ते माझं चुकलं. आता पाणी दे." ती पाणी घेऊन आली. तो प्याला, आणि गळ्याशी सुरकुत्यांखाली काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. यादीत त्याचा नंबर होता. जिभेच्या मुळाशी असलेलं, घोड्याच्या नालासारखं हाड. मॅडम सांगताना रंगून गेल्या होत्या: माणसाच्या सगळ्या अंगात हे एकच असं, की दुसऱ्या कुठल्याही हाडाला टेकत नाही, नुसतं स्नायूंत लोंबकळत असतं. ते कशाचा भाग म्हणायचं ह्यावर परदेशी मंडळींची म्हणे दोन महिने भांडणं झाली. मराठी रकाना: रिकामा.

तिला राग आला होता, हे खरं आहे. इतकी मोठी गोष्ट आणि हा म्हणतो, पाणी दे. ह्याला किंमतच कळत नाही, असं ती मनात म्हणाली, आणि तेच पुन्हा म्हणाली, कारण पहिल्यांदा म्हटलेलं नीट बसलं नाही. बुधवारी दुपारी आई अंगणवाडीत आणि पप्पा पाळीवर असताना तिनं आज्जाला कुशीवर केलं. रोजचंच काम होतं, पाठ पुसायची, माकडहाडाशी पडलेल्या जखमेला औषध लावायचं आणि पावडर घालायची. जखम वीतभर वाढली होती. तिच्या कडेला कातडी ओल्या कागदासारखी सुटत चालली होती, आणि तिथून एक वास यायचा, जो घरात आता सगळ्यांना आला तरी कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. दुखायच्या गोळीनं तो गुंगीत होता. तिनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून उशीमागं ठेवला. मग बोट त्याच्या खांद्याखाली टेकवलं आणि म्हणाली, "ह्यो काय?" तिला वाटलं होतं, बोलणार नाही. पण पाच वर्षांच्या पोरीचा तो सूर होता, तिनं मुद्दाम काढलेला, आणि आतल्या कुठल्या तरी खोलीतून उत्तर आलं. "फरा." बोट खाली. "ह्यो?" "करवत... पयली करवत." ती एकेक मणका उतरत गेली आणि तो सांगत गेला, डोळे मिटून, ओठ हलतायत न हलतायत. मधे नुसती नावं नव्हती. "हितं सुरी आडवी. हितं दाबायचं न्हाय, आतडं फुटतंय. ही फासळी कुत्र्याची. ह्या चार, हाडं दळायच्या गिरणीला. हे पाटलाच्या वाड्याम्होरं न्यायाचं न्हाय, मागनं न्यायाचं." तिच्या लक्षात आलं, हीसुद्धा एक यादीच आहे. मॅडमच्या यादीत हाडाला विचारतात तू कशाचा भाग. ह्याच्या यादीत विचारतात तू कुणाचा वाटा, कुत्र्याचा, गिरणीचा, की आमचा? आणि दोन्ही याद्या एकाच पाठीवरून चालल्या होत्या, तिच्या बोटाखालून. तिच्या अंगावर शहारा आला. तो आनंदाचा होता, हे तिनं नंतर कधी स्वतःपासून लपवलं नाही. तेवीस शब्द मिळाले. गळ्यापाशी बोट नेलं तेव्हा मात्र त्यानं डोळे उघडले, तिचा हात धरला आणि बाजूला केला.

गुरुवारी तिनं ते तेवीसच्या तेवीस मॅडमच्या संगणकात भरले. शब्द, हाडाचा नंबर, मग सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, आणि शेवटचा रकाना: हा शब्द ज्या कामात वापरत ते काम. गाव तिला ठाऊकच नव्हतं. आज्जा गावाचं नाव कधी घ्यायचा नाही, 'तिकडं' म्हणायचा, शिरोळच्या बाजूला हात करून. तिथं तिनं 'नोंद नाही' लिहिलं. शेवटच्या रकान्याशी बोट जरा थांबलं. "मॅडम, गिरणी कामगार लिहिलं तर?" मॅडम चाळणीत सशाची हाडं धूत होत्या. "गिरणीत हे शब्द वापरायचे का ते?" "न्हाई." "मग तसं नको. ज्या कामातून शब्द आला ते खरं लिहिलं नाही, तर वर बसलेली माणसं शब्दच धरत नाहीत. आणि श्रुती, त्यांना विचारलंयस ना?" "व्हय, मॅडम." किती सोपं होतं ते. परीक्षेत येणारं उत्तर लिहावं तसं तिनं भरभर लिहिलं: मेलेली जनावरं ओढणे व सोलणे. तेवीस वेळा. खाली ओढलं की ओळीमागून ओळ भरत गेली, नाव बाळासो, नाव बाळासो, आणि प्रत्येक ओळीपुढं हिरवी खूण उगवत गेली. शंभरपैकी शंभर. शुक्रवारी संध्याकाळी रकाना बंद झाला, शब्दांना नंबर पडले, मॅडमनी सगळ्यांना चिरोटे वाटले.

शनिवारी सकाळी विज्ञान मंडळाच्या ग्रुपवर विजयसिंहानं यादीच्या त्या पानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'नाद खुळा! श्रुतीचा आज्जा डायरेक्ट जगात!' आणि पुढं हाडाचं चित्र. लोकांनी अंगठे दिले. कुणीतरी विचारलं, 'ओढणे व सोलणे म्हणजे काय भावा?' कुणीतरी उत्तर दिलं. मग कुणीतरी हसण्याची चार तोंडं टाकली आणि पुन्हा काढून घेतली. पण काढून घेतल्याची खूण राहिली. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तो फोटो कसा गेला ते कुणालाच सांगता आलं नसतं. पप्पा सुट्टीवर होते. स्वयंपाकघराच्या दारात ते मोबाइल घेऊन उभे राहिले, आणि तिला वाटलं होतं तसे ओरडले नाहीत. "ह्यात आबांचं वय बरोबर हाय," ते म्हणाले. "एक्क्याऐंशी. बाकीचं तुला कुणी सांगितलं?" तिनं सांगायला सुरुवात केली, यादी, नंबर, जग, तिच्याकडं आता शब्द भरपूर असायचे. ते मधेच म्हणाले, "गप." आणि मग आवाज चढला. "तीस वर्षं मी कागलला डबा खातोय. एकानं विचारलं न्हाय मला, आणि मी सांगितलं न्हाय. माझ्या आईनं ह्या माणसाला तिकडनं उचलून आणलं, गिरणीत घातलं, पांढरा सदरा घातला. आणि तू लिहून ठेवतीस? तेवीस बारी?" आतल्या खोलीत खाट करकरली. खाटेपासून दारापर्यंत सात पावलं, आणि आज्जाचे कान शाबूत होते.

तिला वाटत होतं, तो तोंड फिरवेल. त्यानं तिला जवळ बसायला सांगितलं. "कुठल्या खान्यात हाय म्हणालीस माझं नाव?" "तिसऱ्या." "आणि काम?" "शेवटच्या." त्यानं गजाला लावलेल्या एक्स-रेकडं नजर वळवली. मग सावकाश, मधे मधे दम घेत त्यानं सांगितलं, आणि हे त्यानं पप्पांनाही कधी सांगितलं नव्हतं. सोडायचं ठरलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. समाजाच्या बैठकीत हात वर करून सगळ्यांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी पाटलाचा बैल मेला आणि कुणी उचलायला गेलं नाही. चार दिवस तो मळ्यात फुगत राहिला. पाचव्या दिवशी गावानं त्यांना विहीर बंद केली, मग दळण, मग दुकान, मग ऊसतोडणी. "उन्हाळा होता. ओढ्यात झरा खांदायचो, त्यात किडं. माझी धाकटी भन, तानाबाई, आठ वर्षांची. तिला हगवण लागली. बाप म्हणला, एक डाव जातो, त्यो बैल ओढून येतो, पाणी तरी देतील. आई आडवी पडली दारात. म्हणली, पोरगी गेली तर गेली, हात वर केलाय आपुन." तो थांबला. "गेली." पंखा फिरत होता. श्रुतीच्या जिभेवर एकही शब्द नव्हता. जुलैपासून पहिल्यांदा. "ते सोडायला एवढं पडलंय, पोरी. फुकट न्हाय सुटलं. आणि तू तेच माझं काम म्हणून लिवलंस. लिव की, सोडलं म्हणून. त्याला खाना हाय का?" ती म्हणाली, "न्हाई." मग म्हणाली, "मी काढतो, आज्जा. सगळं काढून टाकतो."

सोमवारी कॉलेज उघडायच्या आधी ती पायरीवर बसून होती. मॅडम आल्या, ऐकून घेतलं, खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. "विचारलंय म्हणालीस तू." "व्हय." "खोटं?" "व्हय." मॅडमही रागावल्या नाहीत. पप्पा सोडले तर सगळीच माणसं त्या आठवड्यात तिच्यावर रागवायचं टाळत होती, आणि तेच तिला जास्त लागत होतं. मॅडमनी यादी उघडली आणि नियम दाखवला. एकदा दिलेला नंबर परत घेत नाहीत. कधीच नाही. कारण उद्या कुठल्या तरी देशात कुणी तो नंबर बघून शोध लिहिला आणि मागं वळून पाहिलं तर जागा रिकामी असून चालत नाही. चूक झाली, शब्द मागे घेतला, तरी ओळ राहते. तिच्यावर फक्त शिक्का मारता येतो. "कसला शिक्का?" "वापरू नये." "आणि नाव? काम?" "तेही राहतं. कुणाचं काय मागे घेतलं, ते कळायला." श्रुती पडद्यावरच्या शिक्क्याच्या चौकोनाकडं बघत राहिली. किती शहाणा नियम होता! पंधरवड्यापूर्वी हाच नियम ऐकून तिनं टाळी वाजवली होती. मॅडमनी तेवीस वेळा शिक्का मारला. प्रत्येक वेळी हिरवी खूण गेली आणि ओळ करडी झाली, पण अक्षरं वाचता येत होती, उलट करड्यात ती जास्तच ठळक दिसत होती. वापरू नये. बाळासो. मेलेली जनावरं ओढणे व सोलणे. वापरू नये. बाळासो. गावानं दुसरं काय केलं होतं? विहिरीवर असंच काहीतरी लिहिलेलं असणार. "त्यांनी ते सोडलं, असं लिहा की कुठंतरी," ती म्हणाली. मॅडमनी पानभर शोधलं. शेरा लिहायला जागा होती, पण ती हाडाबद्दल होती. "मी वर पत्र लिहिते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी ते खरंच लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

दुपारी ती घरी गेली तेव्हा आज्जाला ताप चढलेला होता आणि जखमेचा तो वास आता बोळापर्यंत येत होता. आईनं उदबत्ती लावली होती, त्यानं तो लपत नव्हता, नुसता गोड होत होता. त्यानं डोळे उघडून विचारलं, "काढलंस?" तिचं सगळं नवं धाडस, वक्तृत्वात मिळालेली ढाल, खरं तोंडावर बोलायची ती खुमखुमी, सगळं त्या एका श्वासात उभं राहिलं आणि बसलं. "काढलं." "समदं?" "समदं, आज्जा. एक बी न्हाई राहिलं." त्याचा चेहरा सैल झाला. असा, की खोटं बोलल्याचा तिला पश्चात्ताप करता येईना, आणि न करताही येईना. मग त्यानं बोट हलवून तिला खाली वाकायला सांगितलं. "त्या दिशी तू गळ्याला बोट लावलंस," तो म्हणाला. "ते एक मी दिलं न्हाय. ते वाट्यातलं न्हवतं. ते ना गिरणीला जायाचं, ना कुत्र्याला. जीभ काढली की संगं येतंय, दोन फाट्यांचं. ते आम्हा पोरांचं. धुऊन वाळवायाचं, त्याला दोरा बांधायाचा, फिरीवलं की गुंईऽऽ वाजायचं. तानी लई वाजवायची. हसायची लई." त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर गेलं. "तीच तर लाज हाय, पोरी. कामाची न्हाय. आम्ही हसत हुतो." आणि त्यानं त्या हाडाचा शब्द तिच्या कानात सांगितला. दोन अक्षरांचा. तापल्या श्वासाबरोबर तो आत गेला आणि तिथंच राहिला. "लिवू नगंस," तो म्हणाला, जणू लिहिणं हेच आता तिचं काम असावं, आणि तो ते तिला सोडायला सांगत असावा.

पुढच्या आठवड्यात, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, तो गेला. पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, त्रिसरण झालं, पंचगंगेवरच्या स्मशानात शेणींची म्हणजे गोवऱ्यांची चिता रचली. पप्पांनी खिडकीच्या गजाचा एक्स-रे काढला आणि कुठं ठेवावा हे न सुचून बराच वेळ हातात धरून उभे राहिले. शेवटी त्यांनी तो श्रुतीकडं दिला. तिसऱ्या दिवशी राख भरायला ती हट्टानं गेली. पप्पांनी ना केली नाही. तिला सगळं ओळखता आलं, हेच वाईट. करवतीचे तुकडे, मांडीची नळी, आणि थोडं बाजूला, एकटंच, तडकून पांढरं झालेलं लिंबू. पप्पा हातानं गोळा करत होते, पुसत होते, आणि नकळत की काय कोण जाणे, मडक्याच्या काठाशी ते ओळीनं मांडत होते, मोठं ते लहान. गळ्याचं हाड सापडलं नाही. ते फार पातळ असतं, आधीच जळून जातं.

शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी मॅडमनी मंडळाला पुन्हा बोलावलं. बैलाची कवटी आता साफ झाली होती. जबड्यामागून मॅडमनी दोन फाट्यांचं ते हाड अलगद काढलं, ट्रेमध्ये ठेवलं, आणि यादी उघडली. नंबर होता. कशाचा भाग, ते अखेर ठरवून लिहिलेलं होतं. सोळा भाषांचे शब्द होते. मराठीच्या रकान्यात 'शब्द उपलब्ध नाही' असं आलं होतं. मॅडमनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि ती श्रुतीवर येऊन थांबली, क्षणभरच, मग घाईनं पुढं गेली. विजयसिंह वहीत बघत होता. त्या फोटोपासून तो तिच्याशी नीट बोलला नव्हता. आता खालच्या आवाजात म्हणाला, "तुला येत आसंल की." चिडवत नव्हता. बिचारा, मदत करत होता. ट्रेमधलं हाड इतकं हलकं होतं की पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. शब्द तिच्या जिभेच्या मुळाशी आला, पुरा, दोन्ही अक्षरांनिशी, गुणगुणत. तिनं ओठ मिटले आणि आवंढा गिळला. बोट आपोआप गळ्याकडं गेलं होतं, आणि बोटाखाली ते वर गेलं, जरा थांबलं आणि खाली आलं.